नळाच्या अंगातला कली

॥ श्री गुरुदेव दत्त ॥
गुरुवारचं निरूपण. शब्दांकन : सेवेकरी मंडळ



आज नळाख्यान घेऊ. हंस, स्वयंवर, चार देव नळाचं रूप घेऊन रांगेत बसले, ते सगळं तुम्हाला पाठ आहे. आपल्याकडे नळ-दमयंती म्हटलं की गाडी तिथेच थांबते. मला आज त्याच्या पुढचं हवंय. वनपर्वात बृहदश्व ऋषी ही कथा सांगतात, ती कोणाला? युधिष्ठिराला. आणि केव्हा? तो द्यूतात राज्य घालवून रानात बसलाय तेव्हा. हरलेल्याला हरलेल्याची गोष्ट.

नळ कसा होता? सत्यवचनी, वेद जाणणारा, शूर. आणि व्यासांनी त्याच दमात आणखी एक सांगून ठेवलंय, की त्याला फाशांची आवड होती. हे विसरू नका, पुढे लागणार आहे. कली त्याच्यावर डूख धरून होता. बारा वर्षं वाट बघत होता, फट सापडेना. मग एके दिवशी नळ लघवीला जाऊन आला, आचमन केलं, पण पाय न धुता संध्येला बसला. एवढीशी फट, आणि कली आत शिरला. मग पुष्कराने खेळायला बोलावलं. नळ बसला आणि उठेचना. दिवस नाही, महिने चालला तो खेळ. नगरातले लोक आले, मंत्री आले, दारात उभे राहिले. दमयंती रडून सांगते आहे, आणि हा उत्तरसुद्धा देत नाही. ऐकूच येत नाही त्याला.

आता हे का काढलं ते सांगतो. बडोद्याच्या एका ताईंचा निरोप आला होता. त्यांच्या परवानगीने सांगतोय, आणि थोडे तपशील बदलले आहेत, तेव्हा कोण-कोण म्हणून शोधत बसू नका. त्यांच्या सासऱ्यांना कंपवात आहे, ज्याला डॉक्टर पार्किन्सन्स म्हणतात. तीस वर्षांत गुरुचरित्राचं पारायण एकदाही चुकवलेलं नाही असा माणूस. हात थरथरायला लागला, चाल अडखळायला लागली, औषध सुरू झालं, फरकही पडला. आणि मग वर्षभरात घरच्यांना कळलं की दुपारी फोनवर शेअर बाजारातले ऑप्शन आणि रात्री क्रिकेटचा सट्टा चाललाय. नातीच्या नावाची एफडी मोडलेली. मुलगा बोलत नाही. म्हणतो, बाबा ढोंगी होते, आता खरं रूप बाहेर आलं. सासऱ्यांनी देवघरात बसणं सोडलं, म्हणाले माझा अधिकार नाही. आणि ताईंचा प्रश्न असा : दादा, तीस वर्षांची साधना गेली कुठे?

मी त्यांना पहिला प्रश्न विचारला तो साधनेचा नव्हता. विचारलं, गोळी कोणती?

मंडळी, मेंदूच्या तळाशी काळसर पेशींचा एक छोटा पट्टा असतो. त्या पेशी डोपामाइन नावाचं रसायन बनवतात आणि त्याच्यावर आपलं चालणं, वळणं, हात उचलणं चालतं. कंपवातात या पेशी मरत जातात. म्हणून डोपामाइनची भरपाई करायची. एक मार्ग लेव्होडोपाचा, ज्याचं मेंदूत डोपामाइन होतं. दुसरा मार्ग अशा औषधांचा की जी डोपामाइनची नक्कल करतात, त्याच्या कुलपात आपली किल्ली घालतात. प्रामिपेक्सोल, रोपिनिरोल ही त्यातली नावं. औषधं चांगली आहेत, कितीतरी लोक त्यांच्यामुळे स्वतःच्या हाताने जेवतात. पण त्या काळ्या पट्ट्याच्या शेजारी डोपामाइनच्याच दुसऱ्या पेशी आहेत. त्यांचं काम हालचालीचं नाही, हव्याशा वाटणाऱ्या गोष्टीकडे ओढण्याचं. या आजारात त्या बऱ्याच शाबूत राहतात. जाणकार असं मानतात की गोळी सुकलेल्या शेताला पाणी देते तेव्हा शेजारच्या भरलेल्या शेतालाही देते, आणि तिथे पूर येतो.

हे मी बसल्या जागी रचलेलं नाही. अमेरिका आणि कॅनडातल्या 46 केंद्रांत 3,090 कंपवाताच्या रुग्णांना विचारून 2010 साली एक मोठा अहवाल आला. जुगार, वारेमाप खरेदी, अनावर कामवासना, अधाशासारखं खाणं, या चारांपैकी काहीतरी दर शंभरात जवळजवळ चौदा जणांना जडलेलं. नक्कल करणाऱ्या गोळ्या घेणाऱ्यांत सतरा, न घेणाऱ्यांत सात. आणि कोणाला जास्त? ज्यांच्या स्वतःत किंवा घराण्यात आधीपासून जुगाराकडे कल होता त्यांना. आठवा, नळाला फाशांची आवड होती.

म्हणजे गोळीने नवा माणूस घडवला नाही. दार होतं, कडी घातलेली होती, तीस वर्षं घातलेली होती. गोळीने आतून कडी काढली.

आता थोडं विषयांतर करतो, कारण या गोष्टीत आपल्या मातीचा हात आहे आणि तो लोकांना ठाऊक नसतो. डोपामाइनचं काम कळलं कसं? आपल्याकडे सर्पगंधा नावाचं झुडूप आहे. बिहारकडे तिला चक्क ‘पागल की दवा’ म्हणतात. भ्रमिष्टाला, झोप न येणाऱ्याला तिचं मूळ द्यायची जुनी रीत. 1931 साली कलकत्त्याचे गणनाथ सेन आणि कार्तिकचंद्र बोस यांनी वेडावर आणि रक्तदाबावर तिचा गुण छापून सांगितला. पुढे मुंबईच्या डॉ. रुस्तम जाल वकील यांनी रक्तदाबाच्या रुग्णांना ती देऊन 1949 साली इंग्लंडच्या मासिकात निबंध लिहिला, तेव्हा जगाचे डोळे उघडले. 1952 मध्ये स्वित्झर्लंडमध्ये तिच्यातून रेसर्पिन वेगळं काढलं. आणि मग स्वीडनचे आर्व्हिड कार्लसन. त्यांनी सशांना रेसर्पिन टोचलं. ससे दगडासारखे थिजले, कान पडले. मग लेव्होडोपा टोचलं, आणि थोड्याच वेळात ते उठून हिंडायला लागले. 1957 ची ही गोष्ट. सर्पगंधेने जे रिकामं केलं होतं ते डोपामाइन होतं. त्यांना 2000 साली नोबेल मिळालं. आणखी गंमत, आपल्या रानात कुंपणावर चढणारी खाजकुयली, जिच्या शेंगेला हात लागला की दिवसभर खाजवत बसतो, तिच्या बियांत तेच लेव्होडोपा असतं. आयुर्वेदाची कपिकच्छू ती हीच. पण म्हणून कोणी उद्यापासून चूर्ण मागवून गोळीवर गोळी घालू नका. दोन्ही मिळून मात्रा किती झाली हे कोण मोजणार?

परत येऊ. डोपामाइन म्हणजे आनंदाचं रसायन, असे मेसेज फिरतात. आपल्याही ग्रुपवर आले. ‘ओम म्हणा, डोपामाइन वाढवा.’ कृपा करून ते थांबवा. एकतर ज्याचं वाढलं त्याची काय गत होते ते आत्ताच ऐकलंत. आणि ते आनंदाचं रसायन नाहीच मुळी.

मिशिगनचे केंट बेरिज यांनी उंदरांवर प्रयोग केले. डोपामाइन जवळजवळ संपवून टाकलेला उंदीर पुढ्यातल्या अन्नाकडेही जात नाही, उपाशी मरेल. पण त्याच्या जिभेवर साखरेचं पाणी ठेवलं तर तो ओठ चाटतो, मिटक्या मारतो. गोडी तशीच आहे, ओढ गेली. उलट ओढ वाढवली तर गोडी वाढत नाही. म्हणजे हवंसं वाटणं वेगळं आणि बरं वाटणं वेगळं. आपल्या शास्त्रात तृष्णा आणि तृप्ती हे दोन शब्द उगाच नाहीत. ताईंच्या सासऱ्यांना विचारलं, जिंकल्यावर काय वाटायचं हो? म्हणाले, काहीच नाही, लगेच पुढचा डाव.

दुसरा प्रयोग माकडांचा, वुल्फ्रॅम शुल्ट्झ यांचा. माकडाला फळाच्या रसाचा थेंब दिला की या पेशी तडतडतात. मग आधी दिवा आणि नंतर रस, असं शिकवलं. काही दिवसांनी पेशी दिव्यालाच तडतडायला लागल्या, रस आला तरी गप्प. आणि दिवा लागून रस आलाच नाही तर? नेमक्या त्या क्षणी त्यांचा नेहमीचा आवाजही बंद. अपेक्षा आणि प्रत्यक्ष यांच्यातलं अंतर मोजणारी ती तराजू आहे. 2003 च्या प्रयोगात आणखी एक दिसलं : रस येईल की नाही हे अगदी अर्धं-अर्धं असलं, तर दिवा लागल्यापासून निकाल लागेपर्यंत पेशींची तडफड वाढत जाते, आणि ती तेव्हाच सर्वांत जास्त असते. नक्की मिळणार असेल तर नाही, नक्की मिळणार नसेल तरी नाही. फासे हेच करतात. सट्टा हेच करतो. फोन उचलून उत्तर आलं का बघणं, तेही हेच. इंदूरच्या तरुण मंडळींनी हे जरा मनावर घ्यावं, रात्री दोनला कोण ऑनलाइन असतं ते मला दिसतं.

फळाची अपेक्षा न ठेवता कर्म कर, हे आपण हजार वेळा ऐकलं. आपल्याला वाटतं हा मोठेपणाचा उपदेश आहे, साधूंसाठी. मला हल्ली वाटतं तो अगदी व्यवहाराचा सल्ला आहे. तराजूचं एक पारडं अपेक्षेचं असेल तर ते किती भरायचं हे रोज थोडं-थोडं आपल्या हातात असतं. जपाची माळ ओढताना पुढच्या मण्यात नवीन काही नसतं. लोक म्हणतात कंटाळा येतो. येऊ दे ना! कंटाळ्यात बसता येणं हीच तर सवय लावायची आहे.

मग मुलाचा प्रश्न उरतो. तो काही वाईट मुलगा नाही. तो म्हणतो, दादा, सगळं गोळीवर ढकललं तर उद्या प्रत्येक जुगारी, प्रत्येक दारुडा म्हणेल माझी रसायनं तशी. बरोबर आहे त्याचं. म्हणूनच महाभारतात दोन द्यूतं आहेत. नळाच्या अंगात कली होता. युधिष्ठिराच्या अंगात कोणी शिरल्याचं व्यासांनी लिहिलेलं नाही. एकदा हरून, सगळं परत मिळून, तो दुसऱ्यांदा बसला. दोघांना एकाच मापाने मोजायचं नाही, आणि कोणाच्या अंगात काय आहे हे बघितल्याशिवाय माप काढायचंच नाही.

आणि दमयंतीकडे बघा. मला वाटतं आपण तिच्याकडे नीट बघतच नाही, सुंदर म्हणून सोडून देतो. नळ ऐकत नाही असं दिसल्यावर तिने काय केलं? रडत बसली नाही. वार्ष्णेय सारथ्याला बोलावलं, दोन्ही मुलांना रथात बसवलं आणि विदर्भात, कुंडिनपुराला, माहेरी पाठवून दिलं. आधी मुलं सुरक्षित. म्हणून ताईंना सांगितलं : बँकेत जा, खात्याला मुलाची सही जोडा, फोनमधून पैसे जाण्याची वाट बंद करा, घराची कागदपत्रं बाजूला ठेवा. यात सासऱ्यांचा अपमान नाही. त्यांच्या समोर, त्यांना सांगून करा.

आणि पुढे रानात टाकून दिल्यावर ती शाप देते. कोणाला? नळाला नाही. ज्याने माझ्या नळाची ही दशा केली त्याला याहून मोठं दुःख होवो, असा. तो शाप नळाच्या आत बसलेल्या कलीला लागतो, जाळत राहतो. माणूस आणि त्याला धरून बसलेलं, या दोन्हींत तिने भेद केला. त्या अवस्थेत केला, अर्ध्या वस्त्रानिशी. आपल्याला एफडी मोडल्यावर तो करता येत नाही.

अर्जुनानेही हेच विचारलंय, गीतेच्या तिसऱ्या अध्यायात. इच्छा नसताना माणूस पाप का करतो, कोणीतरी जबरदस्तीने जुंपल्यासारखा? सासरे मला शब्दशः तेच म्हणाले, कळत होतं दादा, हात थांबत नव्हता. देव उत्तर देतात, काम आणि क्रोध, रजोगुणातून आलेले. पण त्याच्या पुढचं फार मोलाचं आहे. हा शत्रू राहतो कुठे, तर इंद्रियांत, मनात आणि बुद्धीत. बुद्धीतसुद्धा! जिथून शहाणपण यायचं त्याच खोलीत तो बसलाय. म्हणून अशा माणसाला समजावून, ओरडून, शपथा घालून फार उपयोग होत नाही. ऐकणाराच जागेवर नाही. त्या काळात बाहेरच्यांनी राखण करायची असते.

सासऱ्यांच्या डॉक्टरांनी या दुष्परिणामाबद्दल आधी सांगितलं नव्हतं, की सांगितलं आणि घरच्यांच्या लक्षात राहिलं नाही, देव जाणे. पण आता तुम्ही सगळ्यांनी ऐकलंय. ज्यांच्या घरी कंपवाताचं माणूस आहे त्यांनी मेंदूच्या डॉक्टरांना स्पष्ट विचारा, आणि असं काही घडत असेल तर लाज न बाळगता सांगा. कामवासनेबद्दल तर कोणीच बोलत नाही, आणि म्हातारपणी घरात त्याच्यावरून काय-काय होतं हे माझ्याकडे येणाऱ्या सुना मान खाली घालून सांगतात. बोला. गोळी मात्र आपल्या मनाने बंद करायची नाही. अचानक थांबवली तर शरीर ताठरतं, अतिशय बेचैनी येते, नैराश्य येतं. डॉक्टर ती हळूहळू कमी करतात, बदलतात, आणि बऱ्याच जणांचं वेड मग ओसरतं. कली बाहेर पडतो. नळाच्याही अंगातून तो एका क्षणी बाहेर पडला, ऋतुपर्णाने फाशांचं मर्म शिकवलं तेव्हा, आणि बेहड्याच्या झाडात शिरला.

आता बाकीच्यांना वाटत असेल, आम्हाला कुठे कंपवात आहे. थांबा. केंब्रिजला 2008 मध्ये एक प्रयोग झाला. दोघांचा खेळ असतो : समजा शंभर रुपये आहेत, एकाने वाटे करायचे, दुसऱ्याने हो किंवा नाही म्हणायचं. नाही म्हटलं तर दोघांनाही शून्य. ऐंशी मला, वीस तुला, असं म्हटलं तर कितीतरी जण वीस रुपये सोडतात पण समोरच्याला ऐंशी मिळू देत नाहीत. त्या प्रयोगात लोकांना असं पेय दिलं की काही तासांपुरतं मेंदूतलं सेरोटोनिन कमी व्हावं. त्यांना उदास वाटत नव्हतं, चिडलोय असंही ते म्हणत नव्हते. पण अन्यायाचा वाटा नाकारणं वाढलं. म्हणजे निर्णय बदलला आणि माणसाला पत्ताच नाही, तो म्हणणार मी तत्त्वासाठी भांडलो! बेळगाव-खानापूरकडच्या मंडळींनो, भावाभावांच्या वाटण्या आठवा. एका बांधासाठी दोन पिढ्या कोर्टात. त्यात तत्त्व किती होतं आणि त्या दिवशीची झोप, पोट, पित्त किती होतं? मी असं म्हणत नाही की अन्याय सोसा. म्हणतो, सही करायची ती सकाळी, झोप होऊन, दोन घास खाऊन करा.

हे आपल्या ऋषींनी करून बघितलेलं आहे. छांदोग्यात उद्दालक आरुणी आपल्या मुलाला, श्वेतकेतूला, म्हणतात, मन अन्नाचं बनलेलं आहे. पोरगा बारा वर्षं शिकून, फुगून आलेला. त्याला पटलं नाही. मग बाप म्हणतो, पंधरा दिवस जेवू नको, पाणी हवं तेवढं पी. सोळाव्या दिवशी म्हणाले, ऋचा म्हण. एकही आठवेना. सगळं वेदाध्ययन, तो सगळा ताठा, कुठे गेला? आता जेवून ये. जेवला, आणि सगळं परत आलं. बाप म्हणतो, काजव्याएवढा निखारा उरला होता, त्याला गवत घातलं. विद्या गेली नव्हती, ती दिसायला लागणारं इंधन संपलं होतं. ताईंना मी हेच सांगितलं. साधना कुठे गेली? कुठेही नाही. सासऱ्यांना परत देवघरात बसवा. आजच बसवा, गोळी बदलण्याची वाट बघू नका. अधिकार-बिधिकार काही नाही, शेजारी नात बसू दे.

एक अजून सांगतो आणि थांबतो, वेळ झालाय. ऑक्सिटोसिन नावाचं दुसरं एक रसायन आहे, आई बाळाला पाजते तेव्हा स्रवतं. 2005 मध्ये झुरिकच्या प्रयोगात ते नाकात फवारल्यावर लोक परक्यावर जास्त विश्वास टाकताना दिसले, आणि वर्तमानपत्रांनी त्याला प्रेमाचं रसायन करून टाकलं. पुढे तो प्रयोग पुन्हा करून बघितला तेव्हा तसंच दरवेळी दिसलं नाही. आणि अॅमस्टरडॅमच्या मंडळींना आणखी काही दिसलं : ते आपल्या गटातल्यांवरची माया वाढवतं, सगळ्या जगावरची नाही. आपल्या सत्संगात आल्यावर गळा भरून येतो, एकमेकांना मिठ्या मारतो, छान वाटतं. पण बाहेर पडल्यावर दुसऱ्या संप्रदायाच्या माणसाशी कसं बोलतो? गेल्या महिन्यात गोव्यातल्या दोन मंडळांचं पालखीवरून काय झालं ते सगळ्यांना माहीत आहे, मी नावं घेत नाही. त्या दोघांनी येत्या एकादशीच्या आत माझ्याकडे एकत्र यायचं आहे. जेवून या.

पुढच्या गुरुवारी श्वेतकेतूचंच पुढे घेऊ, वडाच्या फळाची गोष्ट. हैदराबादच्या मंडळींनी ऐकायची सोय मागच्या वेळी नीट झाली नव्हती असं कळवलंय, सेवेकरी त्यांना वेगळी लिंक पाठवतील.

जय गुरुदेव 🙏